कानाचं मशीन घेण्याआधी

कमी ऐकू येतं म्हणजे सगळंच हळू ऐकू येतं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. माझ्या बाबतीत तसं झालं नाही. आवाज येत होते, कोण बोलतंय तेही कळत होतं. शब्दांचे उच्चार मात्र पुसट झाले होते. भाजीवाला 'साठ' म्हणाला की 'आठ', हे अंदाजाने ठरवावं लागे. ह्यांचं बोलणं पाठमोरं असतानाही समजायचं, सुनेचं समोर बसूनही निसटायचं आणि नातीचं तर बहुतेक सगळंच. घरात यातून भलताच अर्थ निघू लागला होता. सासूबाईंना नवऱ्याचं बरोबर ऐकू येतं, आपलं तेवढं येत नाही, हे सुनेला लागत होतं. ती बोलून दाखवत नसे. मी पुन्हा विचारलं की "जाऊ दे आई, काही नाही" म्हणून विषय सोडून देई. असे विषय सुटत गेले की माणूस घरात असून घरातल्या बोलण्याबाहेर पडतो. मशीन घ्यायचं का, या प्रश्नाची सुरुवात माझ्यासाठी इथून झाली.

आधी गेले ती कान-नाक-घसा डॉक्टरांकडे. हा क्रम महत्त्वाचा आहे. कानात घट्ट बसलेला मळ, फाटलेला पडदा, पडद्यामागे साठलेलं पाणी, मधल्या कानातल्या हाडांच्या साखळीतला ताठरपणा, यांवर औषध किंवा शस्त्रक्रियेचा उपाय असू शकतो. तिथे थेट मशीन लावणं म्हणजे दुखणं तसंच ठेवणं. डॉक्टरांनी दुर्बिणीने कान पाहिले, चिमट्यासारखा ट्यूनिंग फोर्क वाजवून आधी कानासमोर आणि मग कानामागच्या हाडावर टेकवला. एक गोष्ट त्यांनी निक्षून सांगितली, ती सगळ्यांना माहीत असायला हवी: एका कानाचं ऐकणं अचानक, तासा-दोन तासांत किंवा दोन-तीन दिवसांत गेलं, तर सर्दीने कान बसला असेल म्हणून वाट पाहू नये, तातडीने दवाखाना गाठावा. त्यावरच्या उपचारांचा गुण सुरुवातीच्या दिवसांतच अधिक येतो.

तपासणीची खोली लहान, भिंतींना आवाज शोषणारं जाड अस्तर आणि जड दार. दार बंद झालं की स्वतःचा श्वास जाणवतो. उजव्या कानाला लाल खूण असलेला हेडफोन, डाव्याला निळी. हातात एक बटण. बीप ऐकू आला की दाबायचं, कितीही बारीक असला तरी. काचेपलीकडे बसलेल्या ऑडिओलॉजिस्ट बाईंचं काम शांतपणे चाललेलं दिसत होतं. मी बटण दाबलं की त्या आवाज दहा डेसिबलने खाली नेत, नाही दाबलं की पाचने वर आणत, आणि असं खाली-वर करत माझ्या ऐकण्याची हद्द शोधत. मग पट्टी बदलत. २५० हर्ट्झच्या घुमणाऱ्या आवाजापासून ८००० हर्ट्झच्या किणकिणाटापर्यंत हा प्रवास होतो. नंतर कानामागच्या हाडावर एक लहान कंपक बसवून तेच सगळं पुन्हा. हाडातून आणि हवेतून येणारा निकाल सारखाच निघाला, म्हणजे बाहेरचा आणि मधला कान ठीक आहे, दोष आतल्या कानात आहे.

शेवटची तपासणी शब्दांची होती. बाईंनी ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर कागद धरला आणि एकेक शब्द उच्चारला. मी तो परत म्हणायचा. 'साल', 'शाल', 'चाल'. मधला 'आ' स्पष्ट येत होता, पुढचं अक्षर मी मनाने लावत होते. तोवर मला माझं ऐकणं बरं वाटत होतं, कारण इतकी वर्षं मी ओठ वाचून निम्मं काम भागवत होते. कागद आड आला आणि ते लक्षात आलं.

हाती आलेल्या आलेखात उजव्या कानासाठी लाल गोल होते, डाव्यासाठी निळ्या फुल्या. रेष सुरुवातीला वर होती आणि पुढे उतरत गेली होती. ५०० हर्ट्झला २० डेसिबल, १००० ला ३०, २००० ला ४५ आणि ४००० ला थेट ६५. सरासरी ४०. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ही मध्यम पातळी. याचं कारण बाईंनी सांगितलं. आतल्या कानात शंखासारखी गुंडाळलेली नळी असते आणि तिच्यात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी. वरच्या पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशी असतात आणि वयाने किंवा गोंगाटाने आधी त्याच झिजतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो. स, श, फ, थ, ख यांचा फुसफुसता भाग वरच्या पट्टीत. बोलल्याचा आवाज स्वरांमुळे कळतो, अर्थ बराचसा व्यंजनांमुळे. पुरुषाच्या भरदार आवाजापेक्षा बायकांचा आणि मुलांचा बारीक आवाज अशा कानाला अवघड जातो.

सून माझ्याबरोबर आली होती. बाईंनी आलेख तिच्यापुढे सरकवला आणि तिचा आवाज साधारण कुठे पडतो ते बोटाने दाखवलं. "म्हणजे आईंना माझा आवाज येतो, शब्द येत नाहीत?" तिने विचारलं. घरात साचलेला गैरसमज त्या एका प्रश्नाने बराच निवळला. म्हणून कमी ऐकू येणाऱ्यांना मी आग्रहाने सांगते, तपासणीला एकटं जाऊ नका. ज्याचं बोलणं आपल्याला सगळ्यात कमी कळतं, त्याला बरोबर घेऊन जा.

निर्णय तरीही लगेच झाला नाही. मशीन लावलं की लोक म्हातारी समजतील, हा विचार होताच. किमतीचाही होता: साधं डिजिटल मशीन दहा-पंधरा हजारांच्या आसपास मिळतं, तर दोन्ही कानांची भारी जोडी दोन-तीन लाखांपर्यंत जाते. शिवाय ओळखीतल्या कितीतरी घरांत महागडं मशीन कपाटात पडून आहे. ते पडून का राहिलं, हे विचारत गेले तेव्हा उत्तरं सारखीच निघाली: एकदा कानात बसवून दिलं, पुन्हा कोणी जुळवून दिलं नाही, गोंगाट वाढला, डोकं दुखलं, काढून ठेवलं.

स्मृतिभ्रंशाच्या धास्तीनेही बरेच जण मशीन घेतात. त्याबद्दल नेमकं माहीत असलेलं बरं. अमेरिकेत ७० ते ८४ वर्षांच्या ९७७ जणांना तीन वर्षं अभ्यासलं गेलं आणि २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तेव्हा मशीनमुळे बुद्धीच्या घसरणीत फरक दिसला नाही. ज्यांना आधीपासून धोका जास्त होता, त्या गटात मात्र ती घसरण सुमारे ४८ टक्क्यांनी मंदावली. आशेला जागा आहे, हमी नाही. मी भीतीने ठरवायचं नाही असं ठरवलं. नातीचं बोलणं मला हवं होतं, ते कारण मला पुरेसं होतं.

आमच्या बाईंनी आधी वापरून पाहायला दिलं. खालच्या पट्टीचं ऐकणं बरं असल्याने माझ्या कानाला घट्ट साचा लागला नाही. छिद्रांचं मऊ सिलिकॉनचं टोक चाललं. ज्यांचं ऐकणं फार कमी आहे, त्यांना कानाचं माप घेऊन केलेला साचा लागतो, आणि तो नीट बसला नाही तर मशीन शिट्टी मारतं. मशीन लॅपटॉपला जोडून प्रत्येक पट्टीला वेगळा जोर दिला गेला. मग कानात मशीनशेजारी केसासारखी बारीक नळी घालून, पडद्यापाशी खरोखर किती आवाज पोचतो ते मोजलं. ही मोजणी सगळीकडे करत नाहीत. ती मागून घ्यावी. झिजलेल्या कानाची आणखी एक अडचण असते. हळू आवाज येतच नाही आणि मोठा आवाज एकदम टोचतो. मशीनने म्हणूनच हळू आवाज जास्त वाढवायचा असतो, मोठा अगदी थोडा. "अहो, ओरडू नका, सावकाश बोला" असं मी ह्यांना का म्हणत असे, तेही तेव्हा उमगलं.

पहिले दिवस दमवणारे होते. प्लास्टिकच्या पिशवीची चुरचुर, नळाची धार, कढईतल्या मोहरीची तडतड, सगळं एकदम अंगावर आलं. मेंदूने वर्षानुवर्षं न ऐकलेले आवाज पुन्हा ओळखीचे व्हायला आठवडे लागतात, कधी महिने. बाईंनी जोर सुरुवातीला कमी ठेवला आणि दर भेटीत थोडा वाढवला. कुठे ऐकू आलं, कुठे नाही, हे मी वहीत लिहून नेई आणि त्या त्यावरून जुळवत. माझ्या पैशांचं खरं मोल या भेटींत होतं.

मशीनलाही मर्यादा आहेत. मंगल कार्यालयातल्या गलक्यात आजही शब्द निसटतात. म्हणून घराने सवयी बदलल्या. हाक मारून मग बोलायचं, समोर उजेडात बसायचं, स्वयंपाकघरातून ओरडायचं नाही, जेवताना टीव्ही बंद. वाक्य कळलं नाही तर तेच पुन्हा न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगायचं. आणि 'जाऊ दे' म्हणायचं नाही. पावसाळ्यात मशीन रात्री सिलिका जेलच्या डबीत जातं. सेलवरचा तपकिरी कागद काढला की त्यात हवा शिरायला मिनिट-दोन मिनिटं थांबायचं, तेही आता अंगवळणी पडलं आहे.

हे सगळं मला परवडलं; पुष्कळांना परवडत नाही. २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांना कानाचं मशीन मिळू शकतं, आणि मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ पासून याच कामासाठी उभी आहे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मात्र दोन्ही कानांना किमान ६० डेसिबलचं नुकसान असेल तरच ते श्रवणदोषात धरलं जातं. माझ्यासारखी ४० वाली माणसं त्या हिशेबात येत नाहीत, तरी घरातलं बोलणं त्यांच्या हातून निसटतच असतं. वाटलेल्या मशीनमागे पुन:पुन्हा जुळवून देणारं माणूस उभं राहिलं नाही, तर तेही कपाटातच जाईल.

मशीन घेताना तीन गोष्टी विचाराव्यात. बसवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का? घरी वापरून पाहायला देणार का? पुढच्या भेटी किमतीत धरल्या आहेत का? आणि पन्नाशी उलटली की साखर, डोळे तपासतो तसे कानही तपासून घ्यावेत. मशीन घ्यायचं की नाही, हे ज्याचं त्याने नंतर ठरवावं. पण आपल्याला काय ऐकू येत नाही, हे जाणून न घेता दिलेला नकार म्हणजे निर्णय नव्हे; तो फक्त लांबवलेला प्रश्न असतो आणि त्याची झळ शेजारी बसून बोलणाऱ्यालाही लागते.