घरबसल्या काम: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लवचीक काम म्हणजे ज्याची वेळ आणि जागा ठरलेली नसते असे काम. हा शब्द ऐकला की लॅपटॉप, पुण्या-मुंबईची कंपनी आणि करोनाचा काळ डोळ्यांपुढे येतो. स्त्रियांच्या वाट्याला मात्र असे काम कितीतरी आधीपासून आहे. जळगावातल्या मेहरूणसारख्या वस्तीत साडीला फॉल लावणे, पिको करणे, उडदाचे पापड लाटून देणे ही कामे घरातच होतात. घड्याळ नाही, हजेरी नाही. मजुरी नगावर किंवा किलोवर. अशा कामासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही.

सर्वांत घट्ट रुजलेला गैरसमज असा, की घरी बसून काम करणारी बाई कामगार नव्हेच. ती फावल्या वेळात चार पैसे मिळवते. कायदा असे म्हणत नाही. १९६६ च्या विडी कामगार कायद्यात घरी विड्या वळणाऱ्यांचा समावेश होता. पुढे भविष्य निर्वाह निधीचा प्रश्न आला. बायका कारखान्यात येत नाहीत, त्यांच्यावर देखरेख नाही, मग त्या कर्मचारी कशा, असा मालकांचा युक्तिवाद होता. पी. एम. पटेल अँड सन्स या खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. विड्या तपासून नापसंत विडी नाकारण्याचा अधिकार मालकाकडे आहे, आणि तो अधिकार हेच पुरेसे नियंत्रण, असे न्यायालयाने ठरवले.

किलोवर पापड लाटून देणारीचा दिवस पाहिला की या निकालाचे मर्म कळते. पीठ तोलून घरी येते. लाट्या पडतात, पोळपाटावर पापड फिरतो, गच्चीवर वाळतो. पोहोचवताना तो पुन्हा तोलला जातो. जाड राहिलेला, कडेला चिरलेला पापड बाजूला निघाला, की त्याची मजुरी बुडते. मुकादम घरात नसतो, पण त्याची नजर तराजूपाशी असतेच. निकाल विडी कामगारांपुरता होता, त्यामुळे इतर धंद्यांतल्या स्त्रियांना निधी आपोआप मिळत नाही. मालक-कामगार नाते आधी सिद्ध करावे लागते. म्हणूनच नेलेले पीठ, दिलेला माल आणि मिळालेला दर तारखेनिशी लिहिलेली वही मोलाची.

घरी लाटलेला प्रत्येक पापड अशा मजुरीचाच असतो, असेही नाही. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जतमध्येही पीठ घरी नेऊनच पापड लाटले जातात. तिथे लाटणारी भगिनी संस्थेची सहमालक असते आणि नफ्यात तिचा वाटा असतो. लवचीकता दोन्हीकडे तीच, हक्क वेगळे.

घरून काम केले की वेळ वाचतो, हा समजही तपासून घ्यावा. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात असे आढळले. घरकामाला हात लावणारे पुरुष ८८ मिनिटे. जाण्यायेण्याचा वाचलेला तास बहुधा चुलीकडेच वळतो. शिवाय शिलाई मशीन, वीज, पंखा आणि जागा तिचीच; कारखान्यात हा खर्च मालकाचा असतो.

प्रसूती रजेनंतर घरून काम करणे हा हक्क आहे, असे अनेकींना वाटते. २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची केली. घरून काम मात्र कामाचे स्वरूप तसे असेल आणि दोन्ही बाजूंचे एकमत झाले तरच.

ई-श्रम कार्डाबाबतही गोंधळ आहे. २६ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेली ही नोंदणी म्हणजे पेन्शन नव्हे. त्यासाठी प्रधानमंत्री श्रम योगी मानधन ही वेगळी योजना आहे: वय १८ ते ४०, मासिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत, हप्ता वयानुसार ५५ ते २०० रुपये, केंद्राचा तेवढाच वाटा आणि साठीनंतर दरमहा किमान ३,००० रुपये. मुले मोठी झाल्यावर, बेचाळिसाव्या वर्षी काम धरणाऱ्या बाईला तिथे प्रवेशच नाही. ही अट फार कठोर आहे, कारण अनेकींची कमाई त्याच वयात सुरू होते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरी काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आहे. साहित्य कोण पुरवतो याने तिचा दर्जा बदलत नाही. मात्र आरोग्य, प्रसूती आणि वृद्धापकाळाचे लाभ तिला सरकार आखेल त्या योजनांमधून मिळतात. पगारी नोकरीतल्या स्त्रीप्रमाणे मालकाकडून नव्हे.