महाड ते भीमा कोरेगाव : घराला कुलूप लावण्यापूर्वी...

नाताळची सुट्टी म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर सहल येते. आपल्या समाजासाठी मात्र हा आठवडा इतिहासाचा आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या जयस्तंभाला अभिवादन करायला लाखो अनुयायी येतात. मुलांच्या शाळांना सुट्टी असते, त्यामुळे आता कुटुंबेच्या कुटुंबे या दोन्ही ठिकाणी निघतात.

गाडी, बॅनर, निळे झेंडे, जेवण यांची तयारी आपण महिनाभर आधी करतो. मागे राहणाऱ्या घराची तयारी मात्र शेवटच्या अर्ध्या तासात उरकली जाते आणि तीही बहुधा घरातल्या बाईवर सोडली जाते. भगवान बुद्धांनी अप्रमादाला, म्हणजे सजगतेला, धम्मात फार वरचे स्थान दिले. ही सजगता विहारात डोळे मिटून बसण्यापुरती नाही. गॅसचे बटण बंद आहे का, हे पाहणे हाही अप्रमादच आहे.

पहाटेची आंघोळ आणि गॅस गिझर

लांबचा प्रवास म्हणून पहाटे चारला उठायचे, थंडी म्हणून बाथरूमची खिडकी बंद करायची आणि एकामागून एक सगळ्यांनी आंघोळ उरकायची. धोका नेमका इथे आहे. गॅस गिझर बंद जागेत चालला की आतला ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. या वायूला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, मळमळते, चक्कर येते आणि माणूस आतल्या आत बेशुद्ध पडतो. बाहेरच्यांना वाटते, आंघोळीला वेळ लागतोय.

उपाय साधा आहे. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या जागी बसवून घ्यावा. ते होईपर्यंत बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा, खिडकी-दार थोडा वेळ उघडे ठेवावे आणि मगच आंघोळीला जावे. घरी राहिलेले आजी-आजोबा थंडीसाठी कोळशाची शेगडी पेटवत असतील, तर दार लावून तिच्याजवळ झोपू नये. तिथेही हाच वायू तयार होतो.

निघताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा, नुसता शेगडीचा कान पिळून भागत नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचून राहतो. परत आल्यावर दार उघडताच वास आला, तर दिव्याचे बटण दाबू नये, पंखाही लावू नये. बटणाची एक ठिणगी पुरते. दारे-खिडक्या उघडून सगळ्यांनी बाहेर यावे आणि बाहेरूनच १९०६ वर फोन करावा. बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढची मेणबत्ती आणि अगरबत्ती वंदना झाल्यावर विझवूनच निघावे.

बंद घर आणि शेजार

आपण निघालो की पहिला फोटो स्टेटसला जातो. कुलूपबंद घराची ती जाहीर वर्दीच असते. फोटो परत आल्यावर टाकले तरी अभिवादन कमी होत नाही. दागिने आणि रोकड घरात ठेवू नये. जातीचे दाखले, घराची आणि शिक्षणाची कागदपत्रे एका पिशवीत, माहितीच्या एकाच जागी असावीत. वस्तीत आग लागली तर शोधत बसायला वेळ नसतो.

सिगालोवाद सुत्तात बुद्धांनी खऱ्या मित्राची खूण सांगितली आहे : आपण बेसावध असताना तो आपले आणि आपल्या मालमत्तेचे रक्षण करतो. असा एक शेजारी जोडावा. आपण महाडला गेलो तर तो घर पाहील, तो भीमा कोरेगावला गेला तर आपण पाहू.

प्रवास आणि गर्दी

दिवसभर काम केलेल्या चालकाला रात्री पुन्हा गाडीवर बसवणे म्हणजे पंधरा माणसांचा जीव त्याच्या झोपेवर सोडणे. पुण्याहून वरंधा घाटाने महाडला उतरणाऱ्यांनी तरी उजेडातच निघावे. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, पण क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरू नयेत.

जयस्तंभाच्या गर्दीत मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही. म्हणून लहान मुलांच्या खिशात आईवडिलांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. चुकामूक झाली तर कुठे भेटायचे, ती जागा आधीच ठरवावी. मुलाला सांगून ठेवावे की हरवलास तर इकडेतिकडे धावू नको, पोलिसांकडे किंवा स्वयंसेवकांकडे जा. वृद्धांची औषधे सामानाच्या गाडीत नकोत, त्यांच्याच पिशवीत हवीत.

अफवेपासूनही घर वाचवायचे आहे

२० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर महाडात अफवा उठवली गेली की हे लोक आता वीरेश्वराच्या मंदिरात घुसणार. त्या अफवेवर जमाव चालून आला आणि आपल्या माणसांना मारहाण झाली. तेव्हा मोबाईल नव्हता, आज आहे. १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगाव परिसरात झालेली हिंसा आपण विसरलेलो नाही. त्यामुळे या आठवड्यात जुना व्हिडिओ नवा म्हणून फिरू लागला की घरी राहिलेल्यांच्या पोटात गोळा येतो. कुठलाही संदेश कधीचा, कुठला, कोणी पाठवला हे कळल्याशिवाय पुढे पाठवू नये. प्रत्येक गाडीतून एकानेच ठरलेल्या वेळी घरी फोन करून खुशाली कळवावी. मग घरचे व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबणार नाहीत.

३१ डिसेंबरची रात्र

दुसऱ्या दिवशी अभिवादनाला जायचे आणि आदल्या रात्री 'थर्टी फर्स्ट' साजरा करायचा, हे आपल्या काही तरुणांत शिरले आहे. पंचशीलातले पाचवे शील इथेच कसाला लागते. १९२७ च्या डिसेंबरात महाडलाच बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते की दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याला, मुलाला जेवू घालू नका. घराची सुरक्षितता बाहेरच्या चोरापासूनच धोक्यात येते असे नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. प्यायलेल्याच्या हाती गाडीची किल्ली देऊ नये, मग तो कितीही मोठा कार्यकर्ता असो.

विहारांनी एवढे करावे

प्रत्येक विहाराने आणि मंडळाने गाड्यांच्या यादीसोबत बंद घरांची आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांचीही यादी करावी. मागे थांबणाऱ्या दोन-तीन तरुणांनी सकाळ-संध्याकाळ फेरी मारावी. त्यांचे थांबणेही चळवळीचेच काम आहे, त्याला कमी लेखू नये. फलकावर नंबर लिहावेत : तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिका १०८, अग्निशमन १०१, मुलांसाठी १०९८.

माणसाला माणूस म्हणून जगता यावे, यासाठी महाडचा लढा झाला. त्या लढ्याला वंदन करायला निघालेल्या प्रत्येक कुटुंबातले प्रत्येक माणूस सुखरूप घरी परतले पाहिजे, आणि परतल्यावर घरही जागेवर असले पाहिजे. ती जबाबदारी आपल्या सर्वांची आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!