विरोधकांचे ऋण

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत समारोपाचे भाषण करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काही सभासदांचा मुद्दाम कृतज्ञतेने उल्लेख केला. ही मंडळी मान डोलावणारी नव्हती. वारंवार हरकत घेणारी होती. पंजाबराव देशमुख, ह. वि. कामत, प्रा. के. टी. शहा, पंडित हृदयनाथ कुंझरू ही त्यांतील काही नावे. मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या आल्या; त्यांपैकी २,४७३ सभागृहात मांडल्या गेल्या. या मंडळींच्या सूचना आपण स्वीकारल्या नाहीत म्हणून त्यांचे मोल उणावत नाही. त्यांच्यामुळेच घटनेमागील तत्त्वे उलगडून सांगण्याची संधी लाभली, असे बाबासाहेबांनी मोकळेपणाने सांगितले.

आज सुशिक्षित घरांतही मतभेद निघाला की विषय बदलतो, नाहीतर जाणेयेणे तुटते. समविचारी मंडळींत बसणे सुखाचे खरे. पण तेथे मत तपासले जात नाही, नुसते घट्ट होते. विरुद्ध मत ऐकणे म्हणजे ते पत्करणे नव्हे. ते ऐकल्यावर आपल्या मताची कारणे आपणांस देता येतात काय, हीच खरी कसोटी. ज्या देशाची घटना हरकतींतून तावूनसुलाखून निघाली, त्याच्या नागरिकांनी हरकतीस भिऊ नये, एवढेच आमचे सांगणे आहे.