हवेच्या होडीत एकटे? आधी तिथी पाहा!

वर्सोव्याहून फेरीबोटीने मढला जाताना मी खाडीच्या पाण्याची ओढ नेहमी न्याहाळतो. उधाणाच्या दिवशी ओहोटी लागली की पाणी समुद्राकडे धाव घेते. हवा भरलेली छोटी रबरी होडी वजनाला हलकी, तळाला सपाट. तिला पाण्याबरोबर वाराही ओढून नेतो. शीड लावले तरी ती वाऱ्याविरुद्ध फारशी सरकत नाही. माणूस एकटा असला की मग वल्ही मारून दमतो आणि घामाने शरीरातले पाणी आटते.

१९५२ साली आलँ बोंबार या फ्रेंच डॉक्टरने अशाच होडीतून ६५ दिवसांत एकट्याने अटलांटिक ओलांडला. त्याचे वजन २५ किलोंनी घटले. आपण थोडे समुद्राचे पाणी प्यायल्याचे त्याने सांगितले. पण वाचकहो, त्याचे अनुकरण नको. त्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते बाहेर टाकायला मूत्रपिंडांना प्यायल्याहून अधिक पाणी लागते. तहान उलट वाढते.

कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब ध्यानात ठेवा : तिथीची पाऊणपट म्हणजे अदमासे पूर्ण भरतीची वेळ, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण टाळावे. वारा समुद्राकडे वाहत असल्यास होडी काढू नये. जीवरक्षक जाकीट अंगातच हवे. टोपी, शिट्टी, भरपूर गोडे पाणी घ्यावे. परतीची वेळ घरी सांगावी. डोके दुखले, चक्कर आली, लघवी गडद झाली तर तत्काळ फिरावे. होडी वाहवत गेली तरी ती सोडून पोहू नये. तटरक्षक दलाला १५५४ वर कळवावे.