घरातील धूर व बालकाचा श्वास

साकीनाक्याच्या रहिवाशांस हवेच्या घाणीविषयी नव्याने सांगावयास नको. अंधेरी-कुर्ला रस्त्यावरील वाहनांचा धूर सर्वांच्याच परिचयाचा आहे. परंतु जो धूर आपण स्वतःच्या खोलीत निर्माण करतो, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. त्याविषयी येथे चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

लाकूड, कोळसा किंवा रॉकेल पूर्णपणे जळेल, तर धूर फारसा होणार नाही. परंतु चुलीत अथवा वातीच्या स्टोव्हमध्ये जळण अर्धवट जळते, व उरलेला भाग विषारी वायू आणि काजळीचे कण ह्यांच्या रूपाने बाहेर पडतो. ह्यांतील सूक्ष्म कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाहूनही लहान असतात. ते नाकात न अडता थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. तेथील रोगप्रतिकारक पेशी दुबळ्या होतात, व न्युमोनियास वाट मोकळी होते.

अर्भकास ह्याची बाधा विशेष होते. त्याच्या श्वासनलिका अरुंद, श्वासाची गती मोठ्यांच्या दुपटीहून अधिक. शिवाय आई चुलीपाशी आणि मूल आईच्या मांडीवर! जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरगुती धुरामुळे जगात सुमारे ३२ लक्ष माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालील मुले २ लक्ष ३७ हजारांहून अधिक होती.

तेव्हा गॅस असल्यास सर्व स्वयंपाक त्यावरच करावा. आंघोळीच्या पाण्यासाठी लाकडाचे तुकडे दारात पेटवू नयेत. बंद खोलीत डासांची कॉईल न लावता मच्छरदाणी वापरावी. तथापि एवढ्याने सर्व भागले, असे मानू नये. भारतासह चार देशांत अर्भकांच्या घरी गॅस पुरवून एक प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाला. धूर कमी झाला, पण तीव्र न्युमोनिया म्हणण्यासारखा घटला नाही. म्हणून स्तनपान, लसी व पोषण ह्यांकडेही लक्ष हवे. आणि आजार वेळीच ओळखता आला पाहिजे.

तो ओळखण्याचा मार्ग आपल्याच महाराष्ट्रात सिद्ध झाला आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनी गावचे आरोग्यसेवक व दाया ह्यांस बालकांचे श्वास मोजून औषध देण्यास शिकविले. ज्यांस अंक येत नव्हते, त्यांच्यासाठी मणी सरकवून मोजण्याचे साधन केले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्ताप्रमाणे, शेजारच्या गावांच्या तुलनेत तेथे न्युमोनियाचे बालमृत्यू निम्म्याहून कमी झाले.

विद्यार्थीमित्रहो, हे काम तुम्हांसही साधण्याजोगे आहे. धाकट्या भावंडास खोकला झाला असता, ते शांत असताना, घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट त्याच्या पोटाची वरखाली होणारी हालचाल मोजा. दोन महिन्यांखालील बालकाचे श्वास ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, अथवा मूल दूध घेत नसेल, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. घरगुती उपायांत वेळ दवडू नये.

श्वास हे परमेश्वराचे पहिले दान होय. ज्या लेकराला आपला त्रास सांगता येत नाही, त्याच्यासाठी तो मोजण्याचे काम थोरल्या भावंडाने आनंदाने करावे.