वाफेची सिगारेट आणि दम्याचा पंप

"डॉक्टर, यात जाळ नाही, राख नाही, धूर नाही. नुसती वाफ आहे. मग हरकत काय?" कॉलेजात जाणाऱ्या मुलांकडून हा प्रश्न अलीकडे वरचेवर ऐकू येतो. शिकायला पुण्या-मुंबईला गेलेला मुलगा सुटीत घरी येतो, त्याच्या बॅगेत पेनासारखी एखादी वस्तू आईला सापडते आणि मायलेक दवाखान्यात येतात. गंमत अशी की, त्याच वेळी शेजारच्या बाकावर दम्याचा रुग्ण बसलेला असतो आणि त्याचे नातेवाईक विनवीत असतात, "काही करा, पण पंप देऊ नका. एकदा लागला की सुटत नाही."

खरे पाहता दोन्ही वस्तूंचे काम एकच. द्रव्य अतिशय बारीक कणांत फोडायचे आणि श्वासाबरोबर फुप्फुसात पोचवायचे. पण एकीला लोक नको तितके भितात आणि दुसरीला मुळीच भीत नाहीत. म्हणून आज या यंत्रांची रचना थोडी उकलून पाहू.

आधी साधी सिगारेट. झुरका ओढताना तिच्या पेटत्या टोकाचे तापमान सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. इतक्या उष्णतेत तंबाखूचे पान जळते आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड, डांबरासारखा चिकट टार आणि कर्करोग घडवणारी अनेक रसायने तयार होतात. विडीची गोष्ट वेगळी नाही. उलट तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही, ती विझू नये म्हणून पुन्हा पुन्हा ओढावी लागते. विडी म्हणजे हलकी, हा समज सोडून द्यावा.

निकोटीन मात्र सुमारे २४७ अंशांवर उकळते. म्हणजे ते मिळवण्यासाठी तंबाखू जाळण्याची गरज नाही, नुसती तापवली तरी पुरे. या एका मुद्द्यावर कंपन्यांनी बराच पैसा ओतला आहे. अमेरिकेतल्या आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीने १९८८ मध्ये 'प्रीमियर' नावाची सिगारेट काढली. तिच्या टोकाला कोळशाचा तुकडा आणि मागे अ‍ॅल्युमिनियमची कुपी होती. चव आणि वास लोकांना सहन होईनात, तेव्हा १९८९ मध्ये ती गुंडाळावी लागली.

पुढे बॅटरी लहान आणि जोरकस झाल्या. २०१४ मध्ये फिलिप मॉरिसने जपानमधल्या नागोया शहरात 'आयकॉस' विकायला आणले. त्यात तंबाखूच्या लगद्याचा कागद घडी करून भरलेली आखूड कांडी असते. लगद्यात ग्लिसरीन मिसळलेले असते, कारण दिसणारा 'धूर' मुख्यतः त्याचाच. ही कांडी चिनी मातीसारख्या पदार्थाच्या तापत्या पात्यावर खोचतात आणि ते पाते सुमारे ३५० अंशांपर्यंत तापते. सहा मिनिटे किंवा १४ झुरके झाले की यंत्र आपोआप बंद होते. नंतर निघालेल्या प्रकारात पाते काढून टाकले आणि कांडीतच धातूची पट्टी घातली. आपल्या घरातली इंडक्शन शेगडी जशी भांडे तापवते, तशी ती पट्टी तापते.

हुशारी आहे, यात शंका नाही. पण ३५० अंशांवर पान जळत नसले तरी करपते. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी या यंत्रातून येणारा धूर तपासला, तेव्हा त्यात कार्बन मोनॉक्साइडही सापडला आणि साध्या सिगारेटच्या ८४ टक्के निकोटीनही. काही रसायने खूपच कमी होती, हेही खरे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये 'सिगारेट पूर्ण सोडून याकडे वळल्यास घातक रसायनांशी संपर्क कमी होतो' एवढेच म्हणण्याची परवानगी कंपनीला दिली. आजाराचा धोका कमी होतो, असे म्हणण्याची दिली नाही. ही दोन वाक्ये वेगळी आहेत. शिवाय पहिले वाक्य ज्याने आयुष्यात कधी विडीही ओढली नाही, त्या अठरा वर्षांच्या मुलाला लागूच होत नाही.

मुलांच्या खिशात सापडते ती वस्तू बहुधा दुसरीच, म्हणजे ई-सिगारेट. तिचा आजचा अवतार होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ च्या सुमारास घडवला. यात तंबाखूचे पान नसते. निकोटीन, सुगंधी द्रव्य, ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल यांचे मिश्रण कापसाच्या वातीत मुरते, वातीभोवती तारेचे वेटोळे असते, ओढल्याबरोबर आतला सेन्सर बॅटरी चालू करतो आणि तार तापते. बाहेर येते ती वाफ नव्हे. ते द्रवाचे सूक्ष्म थेंब असतात. वात कोरडी पडली की तेच ग्लिसरीन करपून फॉर्माल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलीन तयार होतात. फोडणी करपल्यावर घरभर ठसका उठतो, त्यात हे अ‍ॅक्रोलीनही असते.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. पहिली विडी ओढणारा मुलगा खोकून बेजार होतो. तो खोकला म्हणजे शरीराचा पहारेकरी. कितीतरी मुले तिथेच थांबतात. २०१५ मध्ये बाजारात आलेल्या 'जूल'ने निकोटीनमध्ये बेंझॉइक आम्ल मिसळून त्याचा तिखटपणा घालवला, त्यामुळे घसा तक्रार करीत नाही आणि भरपूर निकोटीन आत जाते. वर आंब्याची नाहीतर पुदिन्याची चव. पहारेकऱ्यालाच झोपवले की घरात कोणीही शिरावे! शिवाय सिगारेट संपते तरी. हे यंत्र कधी संपते ते कळत नाही.

२०१९ मध्ये अमेरिकेत अशी यंत्रे ओढणाऱ्या तरुणांना अचानक न्यूमोनियासारखा आजार होऊ लागला. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जणांची नोंद झाली आणि त्यांतले ६८ दगावले. मुख्य दोषी ठरले व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट. गांजाच्या अर्काच्या चोरट्या द्रवात ते दाट करण्यासाठी मिसळले जात होते. पोटात गेले तर निरुपद्रवी, फुप्फुसात गेले तर घातक.

आपल्या देशात सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश आणि डिसेंबरमध्ये कायदा होऊन ई-सिगारेट आणि तंबाखू तापवणारी यंत्रे या दोहोंची निर्मिती, आयात, विक्री, जाहिरात आणि साठा यांवर बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे इथे जे मिळते ते चोरीछुपेच मिळते, आणि त्या द्रवात नेमके काय आहे हे विकणाराही सांगू शकणार नाही.

आता दम्याचा पंप. तो प्रथम १९५६ मध्ये अमेरिकेत बाजारात आला. यात तापवणे नाही, निकोटीन नाही. दाबलेल्या वायूच्या जोरावर मोजून ठरवलेला फवारा बाहेर येतो. औषधाचे कण १ ते ५ मायक्रॉन आकाराचे असावे लागतात. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करा. कण मोठे झाले तर घशातच आदळतात आणि फार बारीक झाले तर बरेचसे उच्छ्वासाबरोबर परत बाहेर जातात.

साल्ब्युटामॉलची मोठी गोळी ४ मिलिग्रॅमची, तर पंपाचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा. म्हणजे एका गोळीत चाळीस फवाऱ्यांचे औषध. गोळी पोटातून, रक्तातून, सगळे अंग फिरून श्वासनलिकेत पोचते, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. तरीही लोकांना गोळी सौम्य वाटते आणि पंप जहाल! पंप 'लागत' नाही; दमा जुनाट आजार आहे, म्हणून औषध चालू ठेवावे लागते. चष्म्याची सवय लागली, असे कोणी म्हणत नाही.

मात्र पंप चुकीचा ओढला तर औषध जिभेवरच राहते. दाबायचा पंप आधी हलवावा, श्वास पूर्ण सोडावा, मग सावकाश आत ओढतानाच एकदा दाबावा आणि दहा सेकंद श्वास रोखावा. लहान मुले व वृद्धांनी स्पेसर म्हणजे प्लॅस्टिकचा फुगीर डबा लावावा. कॅप्सूल घालून ओढायच्या यंत्राचे उलट आहे, तिथे जोरात आणि खोल ओढायचे. स्टिरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशी येते.

विडी, तंबाखू, मशेरी किंवा हे नवे यंत्र ज्यांना सोडायचे आहे, त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत दूरध्वनी आहे. आणि दम्याच्या रुग्णांनी पुढच्या खेपेला येताना पंप घरी विसरू नये. तो तुम्ही कसा ओढता हे मला समोर पाहायचे आहे.