सुई नेमकी कुठे?

उजव्या हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका जुळवून डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला, तळव्यालगतच्या घडीपासून आडवी ठेवा. तिसरं बोट जिथे संपतं तिथे, दोन कंडरांमधल्या खाचेत, नेइगुआन नावाचा ॲक्युपंक्चर बिंदू आहे. (यातली एक कंडरा काहींना जन्मतःच नसते. दिसली नाही तर घाबरू नका, तिच्यावाचून काही अडत नाही.) खाचेच्या तळाशी मीडियन नर्व्ह असते. भूल उतरल्यावर होणारी मळमळ या जागी सुई टोचल्याने किंवा नुसतं दाबल्यानेही कमी होते, असं बऱ्याच चाचण्यांत आढळलं आहे. ढवळतंय पोटात आणि उतारा मनगटावर!

ही जागा शोधायला फूटपट्टी चालत नाही. रुग्णाच्या स्वतःच्या अंगठ्याची रुंदी म्हणजे एक त्सुन, त्याचीच चार बोटं म्हणजे तीन. त्यामुळे धिप्पाड पहिलवान असो की शाळकरी पोर, माप ज्याचं त्याच्या अंगावरच. आपल्याकडे सुश्रुतसंहितेतली मर्मंसुद्धा अंगुळांतच मोजली आहेत.

चिनी वैद्यांचा नेमकेपणाचा आग्रह किती असावा? १०२७ साली, सोंग राजवटीत, वांग वेइयी या वैद्याच्या देखरेखीखाली दोन पुरुषभर उंचीचे कांस्यपुतळे घडवले गेले. अंगावर बिंदूंच्या जागी भोकं. परीक्षेच्या दिवशी पुतळ्यावर मेण थापून भोकं बुजवत आणि आत पाणी भरत, असं सांगतात. विद्यार्थ्याची सुई अचूक शिरली तर पाणी ठिबकायचं. या परीक्षकाकडे वशिला चालणं शक्य नव्हतं.

आज जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणित यादीत ३६१ बिंदू आहेत, चौदा मार्गांवर ओवलेले. पण या मार्गांतून वाहते असं मानलेली ‘छी’, म्हणजे प्राणशक्ती, वाहून नेणारी नळी शवविच्छेदनात काही सापडत नाही. मग सुईखाली असतं काय?

अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठात हेलेन लँजविन यांनी एक साधी गोष्ट मोजली. बोटांत फिरवलेली सुई ऊती धरून ठेवते आणि ती उपसायला जास्त जोर लागतो. फिरकीवर मांजा गुंडाळावा तसे त्वचेखालच्या संयोजी ऊतीचे तंतू सुईभोवती गुंडाळले जातात. शिवाय दंडाचे आडवे छेद तपासल्यावर सुमारे ८० टक्के बिंदू दोन स्नायूंमधल्या किंवा स्नायूच्या आतल्या अशा ऊतीच्या पडद्यांवर पडलेले दिसले. मला वाटतं, जुन्या वैद्यांनी अंगठ्याने चाचपत स्नायूंमधल्या या खाचाच हेरल्या असाव्यात. नळ्या त्यांनी कल्पनेने जोडल्या.

कौतुक इथवर. २००७ साली प्रसिद्ध झालेली, जर्मनीतल्या जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवरची चाचणी पुतळ्याच्या परीक्षेवरच पाणी ओतते. खऱ्या बिंदूंवर टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना आराम पडला, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना आणि औषध-व्यायामाचे नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी २७.४ टक्क्यांना. म्हणजे टोचण्याचा गुण आला, जागेचा जवळजवळ नाहीच. आपुलकीने वेळ देणारा वैद्य, रुग्णाची अपेक्षा आणि सुईची चुणचुण यांचा त्यात वाटा किती, हे वेगळं काढणं फार अवघड. कारण सुई टोचण्याचं बेमालूम सोंग करता येत नाही.

तरीही जागेला अर्थ नाही म्हणावं, तर संशोधक च्युफू मा आडवे येतात. २०२१ साली हार्वर्डमधल्या त्यांच्या गटाने उंदरांच्या मागच्या पायावर, गुडघ्याखालच्या त्सुसानली बिंदूजवळ, अर्धा मिलिॲम्पिअर विजेची सुई लावली. संदेश मेंदूपर्यंत गेला, तिथून व्हेगस नर्व्हने ॲड्रिनल ग्रंथीकडे आला आणि शरीरभरचा दाह उतरला. तीच वीज पोटावर लावली तेव्हा काहीच घडलं नाही. कारण हा संदेश नेणाऱ्या चेतापेशींची टोकं पायाच्या खोल संयोजी ऊतीत दाट पसरलेली, पोटाच्या तशाच ऊतीत मात्र नाहीत. त्या पेशी नष्ट केलेल्या उंदरांत पायावरची सुईही निष्प्रभ ठरली. पायातसुद्धा ही टोकं पुढच्या बाजूला दाट आणि मागच्या काही स्नायूंत विरळ आहेत. तेव्हा सुई कुठे लागू पडेल, हे संशोधकांना या टोकांच्या नकाशावरून आधीच सांगता आलं.